हक्काची नोंद आणि हक्काची वहिवाट

(युवकांसाठी मानवी हक्कांची तोंडओळख : केशवापूर, हुबळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या खेड्यापाड्यांतून जमिनीसंबंधी दोन शब्द वरचेवर कानी पडतात. एक ‘नोंद’ आणि दुसरा ‘वहिवाट’. उताऱ्यावर नाव लागले की नोंद झाली. परंतु त्या जमिनीत नांगर कोण घालतो, पेरणी कोण करतो, पीक कोणाच्या घरी जाते, यावरून वहिवाट ठरते. नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची असे झाले म्हणजे काय घडते, हे शेतकरी कुटुंबातील कोणत्याही मुलास सांगावयास नको. नोंद असूनही ज्याने शेतात पाऊल टाकले नाही, त्याचा हक्क हळूहळू कागदापुरता उरतो.

मानवी हक्कांचेही काहीसे असेच आहे. आपल्या देशात या हक्कांची नोंद संविधानात स्पष्ट अक्षरांत झालेली आहे. प्रश्न वहिवाटीचा आहे. ती कशी सुरू होते, कशामुळे खंडित होते आणि ती राखण्याची जबाबदारी कोणाकोणाची, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

मानवी हक्क म्हणजे काय?

माणूस म्हणून जन्मास आल्याबरोबर, दुसरी कोणतीही पात्रता न दाखविता, जे हक्क प्रत्येकास असतात ते मानवी हक्क. जात, धर्म, भाषा, स्त्री-पुरुष भेद, शिक्षण किंवा सांपत्तिक स्थिती यांवर ते अवलंबून नसतात. भारतात १९९३ साली मानवी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्यात या हक्कांची व्याख्या करताना चार गोष्टी सांगितल्या आहेत : जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा. हे चार शब्द विद्यार्थ्यांनी पाठ करून ठेवावेत. एखादी घटना मानवी हक्कांशी संबंधित आहे किंवा नाही, असा प्रश्न पडल्यास या चारपैकी कशाला धक्का लागला आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

हक्क आणि मेहेरबानी यांतील भेदही प्रारंभीच समजून घ्यावयास हवा. मेहेरबानी देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. आज दिली, उद्या बंद केली, तर विचारणा करता येत नाही. हक्काच्या बाबतीत विचारणा करता येते, आणि ती करण्यात उद्धटपणा नाही. शाळेतील दुपारच्या जेवणाचे उदाहरण घ्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश राज्यांना दिला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ताटात भात वाढणारी बाई किंवा हजेरी घेणारे गुरुजी मुलांवर उपकार करीत नाहीत. ते जेवण मुलाच्या हक्काचे आहे. त्याच कारणाने एका मुलास पंक्तीत बसवावयाचे आणि दुसऱ्यास बाजूला, असे करण्याचा अधिकार कोणासही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्यात ३० कलमे आहेत. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधी मत एकही पडले नाही. म्हणूनच १० डिसेंबर हा दिवस मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. हा जाहीरनामा तयार करणाऱ्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून श्रीमती हंसा मेहता होत्या. मुंबई प्रांतातून त्या आपल्या संविधान सभेवरही निवडून गेल्या होत्या. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा शब्द होता. उद्या एखाद्या देशाने त्याचा संकुचित अर्थ लावून स्त्रियांना वगळू नये, यासाठी तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचा शब्द असावा, असा आग्रह हंसाबाईंनी धरला व तो मान्य झाला. एका शब्दाने निम्म्या मानवजातीची नोंद पक्की झाली.

महाडचे तळे आणि कागदावरचा ठराव

परंतु मानवी हक्क ही पॅरिसहून आपल्याकडे आलेली वस्तू आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. त्या जाहीरनाम्याच्या २१ वर्षे आधी कोकणातील एका लहानशा गावी हा प्रश्न उभा राहिला होता. त्या गावाचे नाव महाड, आणि प्रश्न होता पिण्याच्या पाण्याचा.

त्या काळी आपला धारवाड जिल्हा, हुबळी शहरासह, मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात जे ठरे ते कोकणास जसे लागू, तसेच या भागासही लागू असे. ऑगस्ट १९२३ मध्ये श्री. सीताराम केशव बोले यांनी त्या कायदेमंडळात एक ठराव मांडला. सरकारी खर्चाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या समाजास मोकळा असावा, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला. सरकारने खातेप्रमुखांस त्याप्रमाणे सूचना दिल्या. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये आपले चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला.

म्हणजे नोंद झाली. तीही दोन ठिकाणी, इलाख्याच्या दप्तरात आणि नगरपालिकेच्या दप्तरात. तथापि पुढील तीन वर्षे त्या तळ्यावर अस्पृश्य समाजातील कोणी पाणी भरू शकला नाही. ठराव कोणी रद्द केला नव्हता. पाणी भरावयास गेल्यास काय होईल, ही भीतीच पुरेशी होती. गुरेढोरे त्या तळ्यावर पाणी पीत, माणसास मात्र मज्जाव होता.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर होते. दुसऱ्या दिवशी काही हजार लोक शिस्तीने, रांगेने तळ्याकडे निघाले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले व मागोमाग इतरांनी. नगरपालिकेचा ठराव कागदावर होता, त्याची वहिवाट त्या ओंजळीने सुरू झाली.

पुढे जे घडले तेही युवकांनी जाणून घ्यावे. परिषदेचे लोक आता मंदिरातही शिरणार, अशी अफवा गावात उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. प्रतिनिधी संख्येने मोठे असूनही बाबासाहेबांनी त्यांना प्रतिहल्ला करू दिला नाही. नंतर तळे ‘बाटले’ म्हणून पंचगव्य ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरावयाची होती, तेव्हा काही मंडळी दिवाणी न्यायालयात गेली व तळ्यावर जाण्यास त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेसाठी जागाही सहजी मिळेना, ती अखेर एका मुसलमान गृहस्थाने दिली.

२५ डिसेंबर १९२७ रोजी ही परिषद सुरू झाली. तिने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत केला. माणसे जन्मतः समान दर्जाची आहेत, हे तत्त्व त्यात घोषित करण्यात आले. फ्रान्समध्ये १७८९ साली भरलेल्या राष्ट्रीय सभेचा दाखला बाबासाहेबांनी आपल्या भाषणात दिला होता. आपण एका तळ्यापुरते बोलत नसून समाजाची रचना समतेच्या पायावर नव्याने व्हावी यासाठी जमलो आहोत, असा त्याचा रोख होता. त्याच दिवशी सायंकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव ज्यांनी मांडला ते श्री. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परिषदेच्या पाठीशी उभे राहिलेले श्री. सुरेंद्रनाथ टिपणीस व श्री. अनंतराव चित्रे हेही स्पृश्य समाजातील होते. दुसऱ्याच्या हक्कासाठी उभे राहणे, हे तेव्हाही शक्य होते.

आता त्या मनाई हुकुमाचे काय झाले, ते पाहू. प्रतिनिधी सत्याग्रहास अधीर झाले होते. परंतु प्रश्न न्यायालयात आहे, त्याचा निकाल तेथेच लागू द्यावा, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावून सांगितले. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पण पाण्यास हात लावला नाही. त्यानंतर दावा चालला तो जवळजवळ दहा वर्षे. खालच्या न्यायालयांतून तो मुंबई उच्च न्यायालयात गेला व १७ मार्च १९३७ रोजी तेथे निकाल लागला. अनादि कालापासून चालत आलेल्या रूढीने तळ्याचा वापर केवळ स्पृश्यांचा आहे, असे वादींचे म्हणणे होते. अशी रूढी सिद्ध झालेली नाही, असे म्हणून न्यायमूर्तींनी त्यांचे अपील फेटाळले.

या घटनेपासून काय शिकावे?

या दहा वर्षांच्या कथेत तीन धडे आहेत असे मला वाटते.

पहिला धडा असा की, नोंदीवाचून हक्क टिकत नाही आणि वहिवाटीवाचून नोंद टिकत नाही. बोले यांचा ठराव नसता तर महाडच्या लोकांना बोट दाखवावयास आधार नसता. आणि ते तळ्यावर गेले नसते, तर तो ठराव दप्तरात तसाच पडून राहिला असता.

दुसरा धडा असा की, जुनी वहिवाट म्हणजे न्याय्य वहिवाट असे नव्हे. ‘आमच्याकडे पूर्वापार असेच चालत आले आहे,’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. वादींनी न्यायालयात हेच वाक्य कायद्याच्या भाषेत मांडले होते. पूर्वापार काय चालत आले याचा पुरावा मागताच तो देणे त्यांना जमले नाही. आपल्याच भागातील दुसरे उदाहरण देवदासीप्रथेचे आहे. मुलीस देवास सोडण्याची ही चाल धर्माच्या नावाने चालत आली. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली तिच्याविरुद्ध कायदे झाले. महाराष्ट्रानेही पुढे असाच कायदा केला. ज्या मुलीस तिची इच्छा न विचारता, तिला काही कळण्यापूर्वीच सोडले जाते, तिच्या प्रतिष्ठेपुढे चालीचे जुनेपण लटके पडते.

तिसरा धडा साधनांचा आहे. हक्क मागणारा माणूस जेवढा शिस्तीचा, तेवढे त्यास नाकारणे कठीण जाते. महाडला शिस्त होती, ठराव होते, वकील होते, आणि दहा वर्षे वाट पाहण्याची चिकाटीही होती.

नोंद किती पक्की आहे?

महाडचा निकाल लागला तेव्हा आपल्यापाशी संविधान नव्हते. स्वातंत्र्यही नव्हते. त्यानंतर पाच वर्षांनी, १९४२ च्या चळवळीत, याच हुबळी शहरात मिरवणुकीवर पोलिसांनी गोळी चालविली आणि नारायण डोणी हा कोवळ्या वयाचा मुलगा हुतात्मा झाला. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क त्या दिवशी कोणत्याही ग्रंथात त्याच्या नावे नोंदलेला नव्हता. आज तो संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात आहे. आपण येथे निर्धास्तपणे बसलो आहोत, त्यामागे अशा मुलांचे मोल आहे.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले व २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. कायद्यापुढे सर्व समान, हे १४ व्या अनुच्छेदात सांगितले. १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचताना महाडची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणासही आडकाठी करता येणार नाही, असे तो सांगतो. दुकान या शब्दात न्हाव्याचे व धोब्याचे दुकानही येते, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत स्पष्ट केले होते. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणाऱ्यास शिक्षा देण्यासाठी १९५५ चा व १९८९ चा असे दोन कायदे आहेत. २१ व्या अनुच्छेदात जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण आहे. २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी बंद केली. आणि यांपैकी कोणताही हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग ३२ व्या अनुच्छेदाने दिला. बाबासाहेबांनी या अनुच्छेदास संविधानाचा आत्मा मानले, ते उगीच नव्हे.

एवढी पक्की नोंद असताना आजही एखाद्या गावी निराळा पेला ठेवला जातो, केस कापण्यास नकार मिळतो, वरातीचा घोडा अडविला जातो. अशी बातमी वाचली म्हणजे नोंद खोटी ठरत नाही. वहिवाटीचे काम अपुरे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या वयाचे हक्क

आता विशेषतः समोर बसलेल्या मुलामुलींशी बोलावयाचे आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस कायदा बालक मानतो. बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ साली झाली व भारताने ती १९९२ साली मान्य केली. तुमचे म्हणणे तुमच्याविषयीच्या निर्णयात ऐकून घेतले जावे, हेही तिने सांगितले आहे. वयोमानाप्रमाणे काही प्रमुख हक्क पुढीलप्रमाणे आहेत.

शिक्षण : महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सर्वांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात तसा कायदा केला. १९९२ साली कर्नाटक राज्यातूनच उद्भवलेल्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचा हक्क संविधानातून निघतो असे सांगितले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद आला आणि १ एप्रिल २०१० पासून मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. मागणीपासून कायद्यापर्यंत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. आता सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जन्माचा दाखला नाही, किंवा पूर्वीच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. याच कायद्याने शाळेतील मारहाण व मानसिक छळ यांस बंदी केली आहे.

श्रम : चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास ठेवणे हा २०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर वा सुटीत घरच्या कामास हातभार लावण्याची मुभा आहे, परंतु घरचे काम म्हणून शाळा बुडविणे त्यात बसत नाही. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. गॅरेजमध्ये वा खानावळीत मूल राबताना दिसले तर ‘गरिबाचे पोर आहे, शिकून काय करणार’ असे म्हणून पुढे जाणारा माणूस त्या मुलाच्या हक्काची वहिवाट मोडणाऱ्यांतच गणला पाहिजे.

विवाह : मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण होण्यापूर्वी लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लग्न ठरविणारे, लावणारे व त्यास उत्तेजन देणारे यांस दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इतर अनेक राज्यांत असा विवाह रद्द करवून घ्यावा लागतो. कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने असा विवाह मुळातच निरर्थक ठरविला आहे. लग्न होण्यापूर्वीच ते थांबविण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. दहावीच्या वर्गातील एखादी हुशार मुलगी दिवाळीनंतर शाळेत येईनाशी होते, तेव्हा तिची चौकशी करणे हे शिक्षकांचे काम आहे. तिच्या वर्गमैत्रिणींचेही आहे.

पोलीस व न्याय : अटक झालेल्या कोणासही अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा व प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे. अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते.

भाषा : आपल्या या भागात घरी मराठी, बाजारात कन्नड, कोठे उर्दू, कोठे कोंकणी अशी सरमिसळ आहे. अल्पसंख्य भाषिकांना आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क २९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. त्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा, असे ३५०-क हा अनुच्छेद सांगतो. हा हक्क कर्नाटकातील मराठी मुलाचा जसा, तसाच सोलापूर जिल्ह्यातील कन्नड मुलाचाही आहे. जो दुसऱ्याच्या भाषेचा हक्क मानतो, त्याच्याच तोंडी आपल्या भाषेचा हक्क शोभतो. शेजाऱ्याची भाषा आत्मीयतेने शिकल्याने आपली भाषा कमी होत नाही.

हक्क आणि कर्तव्य

वडीलधारी मंडळी पुष्कळदा म्हणतात, ‘मुलांना हक्क शिकवू नका, आधी कर्तव्ये शिकवा.’ त्यांच्या काळजीत तथ्य आहे. परंतु हक्क म्हणजे हट्ट नव्हे. संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे, हे त्यांपैकीच एक. आणि २००२ पासून, आपल्या सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचेही कर्तव्य ठरले आहे. म्हणजे मुलाचा हक्क व पालकाचे कर्तव्य या एकाच गोष्टीच्या दोन बाजू झाल्या. माझ्या बहुतेक हक्कांचे रक्षण दुसऱ्याच्या कर्तव्यबुद्धीने होते, आणि दुसऱ्याच्या हक्कांचे माझ्या.

येथून जवळच बेंगेरी येथे खादी ग्रामोद्योग संघात राष्ट्रध्वज तयार होतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. भारतीय मानकांच्या यादीत पहिलाच क्रमांक राष्ट्रध्वजाचा आहे. ते मानक १९५१ साली ठरले. कापडाची वीण, रंगाची छटा, लांबीरुंदीचे प्रमाण, चक्राची छपाई, शिवण, हे सारे त्यात लिहिलेले आहे. पण मानक पुस्तकात आहे म्हणून ध्वज आपोआप निर्दोष होत नाही. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, शिवणाऱ्या हातांनी, त्यांत स्त्रियांचे हात पुष्कळ आहेत, प्रत्येक टप्प्यास ते मानक पाळावे लागते, तेव्हा ध्वज उभारण्याजोगा होतो. संविधान हे असेच मानक आहे. शाळा, चावडी, पोलीस ठाणे, दवाखाना, घर, या प्रत्येक टप्प्यास ते पाळणारे हात पाहिजेत.

वहिवाट कशी राखावी?

उपायांची माहिती नसेल तर हक्काची माहिती अपुरी राहते. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

तक्रार तोंडी न करता लेखी करावी, तीवर तारीख घालावी आणि पोच घ्यावी. पोच मागितल्याने कोणी रागावत असेल तर रागावू द्यावे. संकटातील मुलासाठी १०९८ या क्रमांकावर कोणीही, मूल स्वतःदेखील, विनामूल्य दूरध्वनी करू शकते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांस मिळकतीची अट न घालता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सामान्यतः तीस दिवसांत लेखी उत्तर मिळाले पाहिजे. कर्नाटकात २०११ च्या व महाराष्ट्रात २०१५ च्या सेवा हमी कायद्याने दाखले व इतर सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक झाले आहे. शासकीय सेवकाने हक्कभंग केला वा तो होऊ देण्यात हयगय केली, तर राज्य किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. मात्र घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत ती करावी. शिवाय ग्रामसभा आहे. कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभाही भरतात. तेथे शाळेच्या शौचालयाला दार नाही, नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, असे प्रश्न मुलांनी निर्भयपणे मांडावेत.

शिक्षकांस एक विनंती आहे. नागरिकशास्त्राचा धडा परीक्षेपुरता शिकवू नये. वर्गातील पाण्याच्या माठापाशी, झाडलोटीच्या पाळीत, बाकांच्या रांगांत समता आहे किंवा नाही, हे मुले रोज पाहतात. तोच त्यांचा खरा धडा असतो.

अधिकारी मित्रांस विनंती अशी की, दारात आलेला अर्जदार कायद्याचे कलम सांगू शकत नाही, म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. महाडची नोंद तीन वर्षे दप्तरात निजून राहिली, कारण ती अमलात आणणे हे आपले काम आहे असे कोणास वाटले नाही. आज आपल्या टेबलावर असा एखादा ठराव, एखादा आदेश निजलेला नाही ना, हे एकवार पाहावे.

ग्रामस्थांस मी एवढेच म्हणेन की, हक्क मागणाऱ्या शेजाऱ्यास गावाचा वैरी समजू नये. ज्या गावात दुबळ्यातील दुबळा माणूस न भिता पाणी भरतो, मुलीस शाळेत धाडतो आणि ग्रामसभेत उठून बोलतो, त्या गावाची प्रतिष्ठा वाढते.

आणि युवकहो, मतदानाचे वय १९८९ पासून अठरा झाले आहे. तुमच्यापैकी अनेकांची नावे लवकरच मतदार यादीत येतील. ती एक नोंद होईल. तिची वहिवाट तुम्हांलाच करावयाची आहे. मोठ्या सत्याग्रहाची वेळ प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. वर्गातील एखाद्या मुलाशेजारी कोणी बसत नसेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसणे, मैत्रिणीचे लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी ठरत असेल तर गुरुजींच्या कानावर घालणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. त्यासाठी थोडे धैर्य लागते. महाडच्या तळ्याच्या पायऱ्या उतरताना त्या हजारो अनाम माणसांनाही ते लागलेच असेल.

जय हिंद.